हॅश टेबल फ्री केलं तरी मेमरी गळतेच, असं का?

नाशिकच्या वाचकांचे सी भाषेवरचे प्रश्न आलेत, आणि योगायोग म्हणजे सगळे एकाच जागी अडकलेत: लिंक्ड लिस्टवालं हॅश टेबल, म्हणजे कीवरून बकेट (खण) ठरवायची आणि त्या बकेटमधल्या नोडच्या साखळीत की-व्हॅल्यूची जोडी ठेवायची. आणि गळती किंवा लीक म्हणजे मागून घेतलेली मेमरी परत न करणं.

प्रश्न (सातपूर, डिप्लोमा दुसरं वर्ष): लासलगाव, पिंपळगाव, विंचूर अशा १२ कांदा मार्केटची नावं की म्हणून आणि भाव व्हॅल्यू म्हणून ठेवलेत, दोन्ही स्ट्रिंग. शेवटी टेबल फ्री करतो, तरी व्हॅलग्राइंड (मेमरीच्या चुका शोधणारं टूल) १ ब्लॉक डेफिनेटली लॉस्ट (त्याच्याकडे जाणारा पॉइंटरच उरला नाही) आणि ३६ इनडायरेक्टली लॉस्ट (फक्त हरवलेल्या ब्लॉकमधूनच पोहोचता येणारे) दाखवतं. एवढे कुठून आले?

हिशोब कर बरं. एका मार्केटमागे नोड एक, कीची कॉपी एक, व्हॅल्यूची कॉपी एक, म्हणजे तीन, तिनाला बारा गुणले की ३६. उरलेला एक म्हणजे बकेटची अ‍ॅरे. तू फक्त बाहेरचं स्ट्रक्ट फ्री केलंस, त्यामुळे अ‍ॅरेकडे जायचा रस्ताच गेला, आणि बाकी ३६ त्या अ‍ॅरेच्या पोटात होते म्हणून ते इनडायरेक्ट. आता घाईत फक्त अ‍ॅरे फ्री करशील तर डेफिनेटलीचा आकडा उलट वाढलेला दिसेल, कारण जितकी बकेट भरलेली तितक्या साखळ्यांची पहिली कडी आता अनाथ झाली, तेव्हा घाबरू नकोस. आतून बाहेर ये: प्रत्येक बकेटची साखळी चालत जा, की फ्री, व्हॅल्यू फ्री, मग नोड, सगळ्या साखळ्या संपल्या की अ‍ॅरे, आणि सगळ्यात शेवटी स्ट्रक्ट.

प्रश्न (सिडको): नोड फ्री करून मग त्याच नोडच्या नेक्स्टवर जाते. माझ्याकडे चालतं, मैत्रिणीच्या लॅपटॉपवर सेगफॉल्ट येतो, म्हणजे चुकीच्या जागेला हात लावला म्हणून प्रोग्राम बंद पडतो. लिनक्स दोघींकडे तेच.

चालतंय म्हणजे बरोबर आहे असं अजिबात नाही हं. नोड फ्री झाल्यावर ती जागा तुमची राहत नाही. तरी फरक का पडतो ते सांगतो, कारण हे एकदा कळलं की विसरायला होत नाही: लिनक्सवरची ग्लिबसी (सीची लायब्ररी, मॅलॉक आणि फ्री तिच्यातलेच) फ्री केलेल्या छोट्या ब्लॉकच्या सुरुवातीच्या बाइट्समध्ये स्वतःची नोंद लिहिते, ६४ बिटवर साधारण पहिले १६ बाइट. तुमच्या स्ट्रक्टमध्ये की, व्हॅल्यू आणि मग नेक्स्ट असा क्रम असेल तर नेक्स्ट बरोब्बर त्या १६ च्या पलीकडे पडतो आणि बहुतेक वेळा वाचतो, मैत्रिणीने नेक्स्ट पहिला लिहिला असणार. उपाय एका ओळीचा आहे, फ्री करायच्या आधी नेक्स्ट वेगळ्या पॉइंटरमध्ये काढून ठेवा.

प्रश्न (नाशिक रोड): पहिल्या दिवशीचे भाव टाकले की लीक शून्य. दुसऱ्या दिवशीचे टाकले की मेमरी वाढते. डिस्ट्रॉय फंक्शन तर दहादा तपासलं.

डिस्ट्रॉय सोडा, इन्सर्ट बघा! दुसऱ्या दिवशी लासलगाव आधीच टेबलात आहे, तुम्ही जुन्या व्हॅल्यूच्या पॉइंटरवर थेट नवा ठेवता आणि जुनी स्ट्रिंग कायमची हरवते. हा लीक मला सगळ्यात जास्त दिसतो, कारण टेस्ट करताना आपण एकच की दोनदा टाकतच नाही. आणखी एक, इन्सर्टच्या पहिल्याच ओळीत कीचं स्ट्रडप (स्ट्रिंगची नवी कॉपी) करून मग शोधत असाल तर की सापडल्यावर ती कॉपीही गळते, म्हणून आधी शोधा, नाही सापडली तरच कॉपी करा.

जुनी व्हॅल्यू फ्री करतानाही क्रम सांभाळा. आधी नवीन कॉपी, मग जुनी फ्री. कोणी टेबलातूनच काढलेला पॉइंटर परत इन्सर्टला दिला तर उलट्या क्रमात तुम्ही मेलेल्या जागेची कॉपी कराल. आणि टेबलाने कायम स्वतःची कॉपीच ठेवावी असं माझं ठाम मत आहे, नाहीतर कोणीतरी कोडमध्येच अवतरणचिन्हांत लिहिलेला, मॅलॉकने न घेतलेला "लिलाव बंद" तसाच व्हॅल्यू म्हणून ठेवतं आणि तो फ्री करताना प्रोग्राम आपटतो.

प्रश्न (पंचवटी): रिसाइझनंतर, म्हणजे बकेट वाढवल्यावर, लीक येतो.

नवीन नोड बनवू नका, जुनेच उचलून नव्या बकेटला जोडा, मग फक्त जुनी अ‍ॅरे फ्री करा. इथेही नोड हलवायच्या आधी नेक्स्ट जपायचा.

प्रश्न (गंगापूर रोड): व्हॅलग्राइंड शून्य सांगतं, पण टॉपमध्ये (चालू प्रोग्रामची मेमरी दाखवणारी कमांड) मेमरी कमी होत नाही.

तो लीक नाही. फ्री केलेली जागा अ‍ॅलोकेटर (मॅलॉक-फ्री सांभाळणारा भाग) पुढच्या मॅलॉकसाठी स्वतःजवळ ठेवतो, लगेच सिस्टमला परत देईलच असं नाही. तेच काम पुन्हा पुन्हा चालवून बघा, आकडा एका जागी थांबला तर निवांत राहा.

प्रश्न (इंदिरानगर): व्हॅलग्राइंड की अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (कंपाइल करतानाच लावायचा मेमरी तपासनीस)?

रोजच्या कामाला सॅनिटायझर, तो खूप वेगवान आहे आणि लिनक्सवर लीकही दाखवतो. कंपाइल नव्याने करता येत नसेल तिथे व्हॅलग्राइंड. दोन्ही एकदम लावू नका, आणि डीबगचा मायनस जी फ्लॅग विसरलात तर ओळ नंबर मिळणार नाही.