नाव घेतल्याशिवाय ट्रॅक सोडू नकोस

प्रिय पोरा,

कम्युनिटी रेडिओवर शनिवारी रात्रीचा तास मिळाला, आता मराठीत बोलू की कन्नडात, आणि हाऊस-टेक्नो (यंत्रांवर केलेलं नाचाचं संगीत) लावलं तर लोक रेडिओ बंद करतील का, असं तू विचारतोस. भाषेचा घोळ लगेच मिटतो. आपल्या बेळगावच्या शहापूर-वडगावात दोन्ही भाषा कळतात. मराठीत बोल, मधे एखादं वाक्य कन्नडात टाक. खरी गोष्ट तू विचारलीच नाहीस. ट्रॅकचं नाव कधी सांगणार?

सिनेमाच्या गाण्याचा मुखडा आठवला की गाणं सापडतं. टेक्नोत बहुतेकदा शब्दच नसतात. तू नाव घेतलं नाहीस तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. मिरवणुकीत डॉल्बीपुढे आपल्याकडची अख्खी पिढी नाचली आणि वाजलेला ट्रॅक कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही, ही खंत माझ्या मनातून जात नाही. १९८२ मध्ये मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ (बेसचं) आणि टीआर-८०८ (ड्रमचं) या यंत्रांवर राग बसवून एका तबकडीचं ध्वनिमुद्रण केलं. याच टीबी-३०३च्या आवाजावर उभं राहिलेलं शिकागोतलं अ‍ॅसिड हाऊस त्यानंतरचं. तरी तबकडी विस्मरणात गेली, ती २०१० मध्ये पुन्हा निघेपर्यंत. नाव घेत राहणारं कुणी नसलं की असं होतं.

आता कसं सांगायचं ते. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) ३२ ठोके म्हणजे बरोबर १५ सेकंद. क्लबसाठी केलेल्या ट्रॅकची सुरुवात बहुधा ६४ ठोके नुसत्या ड्रमची असते. ते अर्धं मिनिट तुझं. कलाकार, ट्रॅक, रीमिक्स करणारा, या क्रमाने सांग आणि बेस (खालचा जड सूर) यायच्या आत थांब. ट्रॅकच्या शेवटी पुन्हा नुसते ड्रम उरले की तेच कर. बोलताना संगीत १०-१२ डेसिबल खाली घे, मिक्सरवरची 'लो'ची, म्हणजे खालच्या सुरांची, खुंटीही थोडी उतरव, नाहीतर किक (ड्रमचा जड ठोका) तुझा आवाज खाते. मीटर लाल होऊ देऊ नकोस. हे ट्रॅक मुळातच आवाज दाबून, एकसारखा मोठा करून तयार केलेले असतात. त्यावर स्टेशनचा लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर रोखणारं यंत्र) बसला की प्रत्येक किकबरोबर तुझा आवाज आत ओढला जातो आणि घेतलेलं नाव कुणाला ऐकू येत नाही.

प्रत्येक ट्रॅक आधी एकदा मोनोत (डावी-उजवी बाजू एकत्र करून) ऐक. कम्युनिटी रेडिओला प्रक्षेपणासाठी सहसा १०० वॅटपर्यंतच मिळतात. सिग्नल क्षीण झाला की बरेच रेडिओ आपोआप मोनोवर जातात, आणि डावी-उजवी बाजू एकमेकींच्या उलट्या फेजमध्ये (एकीची लाट वर तेव्हा दुसरीची खाली) असलेला सिंथेसायझरचा सूर तिथे गायब होतो. उरतो नुसता ठोका.

मधेमधे नावं घेतली की लय तुटते, असं काहीजण म्हणतात! लय तुटते ती 'हॅलो बेळगाव, कसं काय मंडळी' असल्या पाल्हाळाने. त्याला वेळ आहे आणि नावाला नाही? या बाबतीत मला हेकट म्हणतात, म्हणू देत. टेम्पो जुळवायला आता सॉफ्टवेअर आहे, मग नावंही सांगायची नसतील तर स्टुडिओत माणूस कशाला बसवायचा, हे तूच सांग. अ‍ॅप गाणं ओळखेल यावरही विसंबू नकोस. १२४चा ट्रॅक १२८ला नेलास आणि वर दुसरा मिसळलास की अ‍ॅप बरेचदा चुकतं.

वहीत रकाने आख: सुरू झाल्याची वेळ, कलाकार, ट्रॅक, रीमिक्स, लेबल (ट्रॅक काढणारी कंपनी), कालावधी. रॉयल्टीच्या हिशेबाला स्टेशनलाही हेच लागतं. परकी नावं देवनागरीत उच्चारासकट लिही, नाहीतर माइकपुढे अडखळशील. तासाला दहा-अकरा ट्रॅक पुरेत. ज्याचं नाव खात्रीने कळलेलं नाही तो कितीही लाडका असला तरी बाजूला ठेव. यादी शुक्रवारपर्यंत पाठव, उच्चार मी तपासून देतो.

तुझा,
काका