इंग्रजी अर्जातले ‘रिगार्ड’, ‘डॅमेज’ आणि ‘डिमांड’

प्रश्न (लातूर): सर, मी कॉलेजच्या ऑफिसात पत्रं टाइप करतो. ‘विथ रिगार्ड टू’ लिहिलं की आमचे साहेब लाल पेनने ‘रिगार्ड’ला एस जोडतात. बरोबर कोण?

उत्तर: तुम्ही. ‘च्या संदर्भात’ म्हणायचं असेल तर ‘विथ रिगार्ड टू’ किंवा ‘इन रिगार्ड टू’, एस नाही. साहेबांचा हात बसलाय तो सहीच्या वर येणाऱ्या ‘विथ रिगार्ड्स’वर. तिथे रिगार्ड्स म्हणजे नमस्कार. ‘विथ रिगार्ड्स टू युवर लेटर’ लिहिलं तर नमस्कार पत्रालाच जातो! दुसरी मेख ‘ॲज रिगार्ड्स’ची. तिथे तो शब्द क्रियापद आहे, म्हणून एस हवाच, आणि पुढे ‘टू’ नको. साहेबांशी वाद नको असेल तर सरळ ‘रिगार्डिंग’ लिहा. त्यालाही ‘टू’ लागत नाही.

प्रश्न (परभणी): अतिवृष्टीत सोयाबीन गेलं. बँकेचे मॅनेजर परराज्यातले, म्हणून कर्जाच्या मुदतवाढीचा अर्ज इंग्रजीत द्यायचाय. ‘डॅमेज ऑफ क्रॉप’ चालेल का?

उत्तर: साहेबांना कळेल, पण ‘डॅमेज टू द क्रॉप’ लिहा. आपण ‘पिकाचं नुकसान’ म्हणतो आणि त्या ‘चं’च्या जागी डोळे झाकून ‘ऑफ’ ठेवतो. उशिराचं कारण ‘रिझन फॉर द डिले’, खर्चातली वाढ ‘इन्क्रीज इन कॉस्ट’. ‘लॉस’ला मात्र ‘ऑफ’ चालतं. आणि ‘डॅमेजेस’ असं अनेकवचन करू नका. कायद्याच्या भाषेत ती भरपाईची रक्कम होते. मॅनेजरला वाटायचं, तुम्ही बँकेकडेच भरपाई मागताय.

प्रश्न (बीड): मुलीनं दहावीच्या पत्रलेखनात ‘वुई डिमांड फॉर अ टँकर’ लिहिलं. बाईंनी ‘फॉर’ खोडलं. पण पेपरात तर ‘डिमांड फॉर वॉटर’ छापून येतं.

उत्तर: बाईही बरोबर, पेपरही. ‘डिमांड’ नाम असेल तर ‘फॉर’ येतं, क्रियापद झालं की गळतं. ‘रिक्वेस्ट’चंही तसंच. ‘लॅक ऑफ वॉटर’, पण ‘द व्हिलेज लॅक्स वॉटर’. ‘डिस्कशन अबाउट’ चालतं, ‘डिस्कस अबाउट’ चालत नाही; ही चूक तर भल्याभल्यांची. बाकी तहसीलदारांना लिहिताना ‘डिमांड’ जरा दरडावल्यासारखं वाटतं, ‘रिक्वेस्ट’ बरं.

प्रश्न (नांदेड): ‘ऑन बिहाफ ऑफ’ की ‘ऑन द बिहाफ ऑफ’?

उत्तर: पहिलं.