सायकल-शंका : तेरेखोलचा फेरा

या वेळचे प्रश्न एकाच वाटेबद्दल आहेत. आरोंदा, शिरोडा, रेडी, तेरेखोलचा किल्ला, फेरीबोटीने केरी आणि तिथून पालये-किरणपाणीवरून पूल ओलांडून पुन्हा आरोंदा. साधारण ३० ते ३५ किलोमीटरचा हा फेरा आहे. एका बाजूला समुद्रावरचे जांभ्याचे कडे आणि दुसऱ्या बाजूला तेरेखोल नदी.

आम्ही चौघे पुण्यात रविवारी २०-२५ किलोमीटर डांबरी रस्त्यावर चालवतो. जानेवारीत शिरोड्याला मुक्काम आहे. सुरुवात कुठून करावी, कोणत्या दिशेने जावं, आणि गिअरच्या डोंगरी सायकलीच लागतील का? (पुणे)

मुक्काम शिरोड्याला असला तरी जमलं तर सायकली गाडीत घालून आरोंद्याला न्या आणि फेरा तिथून सुरू करा. यामागचं कारण वारा. या किनाऱ्यावर हिवाळ्यात सकाळी वारा जवळजवळ नसतो. अकराच्या सुमारास समुद्राकडून, बहुतेक वायव्येकडून, तो सुटतो आणि दुपारी वाढत जातो. आरोंद्याहून निघालात तर पश्चिमेकडचा टप्पा शांत हवेत होतो. शिरोड्याहून दक्षिणेला वळल्यावर कडेला सावली कमी असते, पण ऊन तापायच्या आत तेही उरकतं. केरीहून पूर्वेला निघेपर्यंत वारा पाठीशी आणि माडा-काजूंची सावली डोक्यावर. शिरोड्याहून निघालात तर शेवटचे दहा-बारा किलोमीटर दमलेल्या पायांनी वाऱ्याच्या तोंडावर काढावे लागतात. दिशा लक्षात ठेवायची तर नदी कायम डाव्या हाताला राहिली पाहिजे.

जानेवारीत सातच्या सुमारास सूर्य उगवतो. पावणेसातला निघा, म्हणजे किल्ला पाहून सव्वानऊ-साडेनऊला धक्क्यावर पोचाल. चढ आहेत, पण लहान. रेडीहून सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चढताना पुढची सर्वांत लहान आणि मागची सर्वांत मोठी चकती आधीच लावून घ्या. चढावर दाब देता देता गिअर बदलला की साखळी अडकते किंवा उतरते. पूर्ण रस्ता डांबरीच धरला तर ३८-४० मिलिमीटर टायरची हायब्रिड, म्हणजे शहरी आणि डोंगरीच्या मधली सायकलही चालेल. सड्यावरच्या लाल पायवाटांवर शिरायचं असेल तर मात्र दोन इंची टायर हवेत. तुमच्यापैकी कुणाकडे २५ मिलिमीटरची रोड बाइक असेल तर ती घरीच ठेवावी, इथे तिचं काम नाही.

किल्ला घाईत सोडू नका. नदीच्या उत्तरेला असूनही तेरेखोल गोव्यात मोडतं, कारण १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून हा किल्ला घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकवला होता. मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडा तुम्ही त्याआधीच ओलांडलेलं असतं.

मागच्या महिन्यात तेरेखोलला पोचलो तर ओहोटीमुळे फेरीबोट थांबलेली. दोन तास बसून शेवटी आल्या वाटेने परतलो. हे आधी कसं ओळखायचं? (कोल्हापूर)

मुखाशी नदी उथळ आहे. मोठ्या ओहोटीला वाळू वर येते आणि बोट धक्क्याला टेकत नाही. म्हणून फेऱ्याची तारीख ठरवताना रविवार पाहण्याआधी तिथी पाहा.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. पक्षातल्या तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. हा हिशेब मुंबईकडचा. गोव्याच्या हद्दीत भरती साधारण तासभर आधी येते, तेवढा वजा करा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. उदाहरणार्थ पंचमी घ्या. पाच पाऊणे पावणेचार, त्यातून तास वजा, म्हणजे पहाटे पावणेतीनला भरती. ओहोटी नऊच्या आसपास, म्हणजे नेमकी तुम्ही धक्क्यावर पोचता तेव्हा. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते.

आता दुसरी गोष्ट. पाण्याचा चढउतार अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस सर्वांत मोठा असतो, तेच उधाण. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ओहोटीलाही पाणी फार खाली जात नाही. दोन्ही एकत्र धरलं तर सकाळी नऊ-दहाच्या बोटीसाठी चतुर्थी ते षष्ठी हे दिवस वाईट: उधाण पुरतं ओसरलेलं नसतं आणि ओहोटी त्याच वेळेला. अमावास्या किंवा पौर्णिमा उत्तम, कारण दहाच्या सुमाराला भरती भरत आलेली असते. अनेक जण उधाणाला घाबरून हेच दिवस टाळतात, ते उलटं आहे.

हिशेब हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहिलंत तर अधिक नेमकं कळेल. आदल्या संध्याकाळी शिरोड्यात किंवा रेडीत विचारून घेणं सर्वांत चांगलं.

बोटीवर मोटारी-दुचाकी आत गेल्यावर सायकल चढवा आणि कठड्याला टेकवून हाताने धरून ठेवा. स्टँडवर उभी केलेली सायकल बोट धक्क्याला लागताना पडते आणि बहुतेक वेळा मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या बाजूलाच. चढायची-उतरायची फळी ओली असते. तिथे पायीच जा.

तांबड्या मातीच्या उतारावर वळताना पुढचं चाक सरकलं आणि पडलो. ब्रेक नवे आहेत, टायरही. चूक कुठे झाली? (ठाणे)

बहुधा टायरमध्ये हवा जास्त होती आणि ब्रेक वळणात दाबलात. जांभ्याच्या कातळावर बारीक गोल खडे सुटे पसरलेले असतात. कडक टायर त्यांच्यावर जणू मण्यांवर ठेवल्यासारखा घरंगळतो.

दुकानदार टायर ५०-६० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) फुगवून देतात, ते शहरासाठी ठीक. दोन इंची टायर, ट्यूब, आणि ६५ ते ७५ किलो वजनाचा माणूस असेल तर पायवाटेवर पुढे २८, मागे ३२ पासून सुरुवात करा. पूर्ण फेऱ्याला, ज्यात डांबर जास्त, ३५ च्या आसपास. हलक्या माणसाने दोन-तीन कमी ठेवावेत. फार खाली गेलात तर दगडाच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटते. पंक्चर उघडल्यावर शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर कारण हेच, दोन्हींना पॅच लावा. एकच भोक असेल तर बहुधा करवंदीचा काटा. टायरच्या आतून बोट फिरवून तो काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका, पुढच्या शंभर पावलांवर तीही जाईल.

उतारावर वेग सरळ रेषेतच कमी करून घ्या आणि वळणात दोन्ही ब्रेक सोडा. दोन्ही पेडल आडवी, पार्श्वभाग सीटवरून किंचित उचललेला, नजर वळणाच्या शेवटाकडे. किल्ल्यावरून धक्क्याकडे उतरताना हे सगळं कामाला येतं.

आणि पावसाळ्यात जाऊच नका. ओल्या जांभ्यावर काळपट हिरवं शेवाळ धरतं, त्यावर कोणताही टायर टिकत नाही, आणि कड्याच्या काठाची माती आतून पोखरलेली असते. कोरड्या ऋतूतही काठापासून चार-पाच मीटर आतच राहा.

घरी आल्यावर आठवड्यात साखळी तांबडी झाली आणि डिस्क ब्रेक किंचाळू लागले. धुतली होती, तरीही. (बेळगाव)

कशाने धुतली? सर्व्हिस स्टेशनच्या फवाऱ्याने असेल तर खारं पाणी आणि माती हबच्या बेअरिंगमध्ये ढकलली गेली. बादलीभर गोडं पाणी, पाणी ओतायचा मग आणि जुना ब्रश पुरतो. जमल्यास त्याच संध्याकाळी मुक्कामावरच धुवा.

फडक्याने पुसून साखळी अर्धा तास वाळू द्या. मग प्रत्येक कडीच्या रुळावर एकेक थेंब तेल घाला, पेडल उलटं वीस-पंचवीस वेळा फिरवा आणि बाहेरचं तेल स्वच्छ पुसून टाका. बाहेर राहिलेलं तेल लाल धूळ धरतं आणि त्याचा घासकागद होतो.

ब्रेक किंचाळण्याचं कारण बहुधा साखळीवर मारलेला तेलाचा स्प्रे. डबा दाबला की तुषार डिस्कवर जातात. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॅड काढून बारीक पॉलिशपेपरवर हलके घासा. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर ते बदलावेच लागतील. पुळणीवरून, लाटांच्या कडेने सायकल चालवण्याचा मोह झाला होता ना? फोटो छान येतो, पण बेअरिंग जातात.

बारा वर्षांची मुलगी आणि साठीच्या सासूबाई बरोबर आहेत. त्यांना जमेल का? (डोंबिवली)

पूर्ण फेरा नको. केरीपासून पालयेच्या दिशेने पाच-सहा किलोमीटर जा आणि त्याच वाटेने परत या. मग सायकली केरीला ठेवून बोटीने पलीकडे जा, किल्ला पायी चढा. मुलीला हेल्मेट, प्रत्येकीला दीड लिटर पाणी, आणि सासूबाईंची सीट इतकीच उंच की थांबल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकावेत.