फाइल फुकटची, पण सही कुणी खोडली?

प्रश्न : अंबाजोगाईत माझं डीटीपी आणि पत्रिका छपाईचं दुकान आहे. वेरूळच्या कैलास लेण्याचं एक रेखाचित्र नेटवर फुकट मिळालं. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग बदलले, खांब कमी केले, कोपऱ्यातली सही काढली आणि एका लग्नाच्या ४०० पत्रिकांवर ते छापलं. तीच फाइल डिझायनर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘पुढे कुणाला द्यायची नाही’ असं बजावून ११ जणांना ५०-५० रुपयांना विकली. नऊ दिवसांपूर्वी चित्रकाराची पुण्याहून नोटीस आली : २ लाख भरा, नाहीतर पोलिसात जातो. लेणं तर राष्ट्रकूटांचं, मग चित्रकाराचा हक्क आला कुठून?

उत्तर : लेणं राष्ट्रकूटांचंच. त्यावर ना तुमचा हक्क, ना त्यांचा. पण ते बघून ज्यानं रेघ ओढली, ती रेघ त्याची. कॉपीराइट कायदा, १९५७ त्या चित्राला संरक्षण देतो आणि त्यासाठी नोंदणी लागत नाही. तुम्ही वेरूळला जाऊन स्वतः चित्र काढलं असतं, तर नोटीस आलीच नसती.

तुम्ही पाठवलेली मूळ झिप उघडून पाहिली. आत एक छोटी टेक्स्ट फाइल आहे, जी सहसा कोणी वाचत नाही. तीत परवाना दिलाय : क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय-एसए ४.०, म्हणजे आपलं काम इतरांना अटींवर मोफत वापरू देणारा तयार परवाना. त्यानुसार चित्र वापरा, बदला, विकासुद्धा. फक्त चित्रकाराचं नाव, परवाना आणि आपण काय बदललं ते सांगायचं, आणि बदललेलं चित्र पुढे देताना त्याच अटींवर द्यायचं. तुम्ही पैसे घेतले म्हणून धास्तावला आहात, पण पैसे घेण्यात काही चुकलं नाही. परवान्यात एनसी (व्यावसायिक वापर नको) अक्षरं असती तर चुकलं असतं. एनडी (बदल नको) असतं तर बदललेली फाइल कुणाला देताच आली नसती.

चुकलं ते दोन ठिकाणी. ‘पुढे द्यायची नाही’ ही अट तुम्ही वरून जोडली, तशी मुभा परवान्यात नाही. आणि सही काढली. हे जास्त जड जाईल. कलम ५७ नुसार आपल्या कामावर आपलं नाव असावं हा निर्मात्याचा हक्क आहे. कलम ६५-बी प्रमाणे निर्मात्याची ओळख सांगणारी माहिती जाणूनबुजून काढली, तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ‘मला माहीतच नव्हतं’ हा बचावही हातचा गेला, कारण खोडायला आधी सही दिसावी लागते. पत्रिकेवर जागा नव्हती म्हणाल, तर किलबिलीत पाच पोरांची नावं मावली आणि चित्रकाराचं एक मावलं नाही, हे न्यायाधीशांना पटवायला मला जमणार नाही.

आता दिलाशाची बाब. अट मोडली की परवाना आपोआप संपतो, पण ४.० आवृत्तीत, चूक कळल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त केली तर तो आपोआप पुन्हा लागू होतो. नोटीस हाती पडली तो दिवस धरा. तुमच्याकडे २१ दिवस उरलेत. फाइलमध्ये नाव, मूळ दुवा, परवाना आणि केलेले बदल लिहा. ग्रुपवर कबूल करा की ती अट चुकीची होती, आणि अकराही जणांना दुरुस्त फाइल पाठवा. याने मागचं सगळं धुऊन निघत नाही; आधीच्या भंगाबद्दल ते भरपाई मागू शकतात.

पण २ लाख? कॉपीराइट भंगाच्या गुन्ह्याचं जे कलम ६३, त्यातल्या दंडाची कमाल मर्यादा तेवढी आहे, आणि दंड सरकारजमा होतो, चित्रकाराला मिळत नाही. भरपाई त्यांच्या नुकसानीवर किंवा तुमच्या नफ्यावर ठरते. फाइलचे तुम्हाला मिळाले ५५०, पत्रिकांच्या बिलात चित्राचा वाटा किती ते तुम्हीच जाणता. पोलिसांची धमकी मात्र हसण्यावारी नेऊ नका : कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र (पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही) आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलंय. शिवाय कलम ६२ मुळे ते पुण्यातच दावा लावू शकतात, मग तारखांना तुम्हालाच एसटीनं खेटे घालावे लागतील.

म्हणून नोटिशीला वकिलामार्फत लेखी उत्तर द्या. त्यात दुरुस्तीचे पुरावे जोडा आणि माफक रकमेची तयारी दाखवा. ग्रुपवरचे जुने मेसेज पुसू नका, दुरुस्ती खाली नव्या मेसेजने टाका. चित्रकाराला परस्पर फोन करून ‘भाऊ, मिटवून टाका’ म्हणू नका, बोलणं रेकॉर्ड होतं. पत्रिका वाटायच्या राहिल्या असतील, तर मागे, तुमच्या प्रेसच्या नावाशेजारी, चित्रकाराचं नाव, परवाना आणि ‘मूळ चित्रात बदल केले आहेत’ असा रबरी शिक्का मारा.