आजोळी राहायचं तर आधी पावसात ये

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र मिळालं. आजोबांच्या घरी राहायचं, घरचा तांदूळ, घरची भाजी, घरचं दूध, जमेल तेवढं आपल्या हाताने पिकवून खायचं, असं म्हणतेस. माझी ना नाही. वाडीत निम्म्या घरांना कुलपं आहेत. कोणी राहायला येतंय म्हटल्यावर ना कशी म्हणू?

पण तू पाहिलेलं आजोळ मे महिन्यातलं आणि गणपतीतलं. मे महिन्यात कोकण कोणालाही आवडतं. राजीनामा इतक्यात देऊ नकोस. रजा काढ, मृग लागायच्या आत ये आणि लावणी उरकेपर्यंत राहा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, वीज गेली की कधी येईल ते कोणी सांगत नाही. तू सुट्टीत आंबे खात होतीस तेव्हा आजी लाकूडफाटा पडवीत रचत होती आणि आगोटीची, म्हणजे पावसाआधी भरून ठेवायच्या सामानाची, यादी करत होती. तिचं वर्ष तिथून सुरू होतं.

भाताचं बी आजोबांच्या हाताखाली तयार कर. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं आणि त्यात भात ओतून ढवळायचं. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाला बसलेलं बी दोन-तीन पाण्यांनी धुऊन सावलीत वाळवायचं. धुणं विसरलीस तर बी नीट रुजत नाही. तरवा, म्हणजे भाताची रोपं, तीन आठवड्यांचा झाला की लावणी. जुना तरवा लावला तर फुटवे कमी येतात, म्हणून लावणीत सगळ्यांची घाई असते आणि मजूर त्याच आठवड्यात मिळत नाहीत.

तांदळाचे पैसे होतील म्हणतेस. नाही होत. टिलरचं भाडं, मजुरी, खत धरलं तर घरचा तांदूळ दुकानातल्यापेक्षा महाग पडतो. तरी लाव. गुरांना पेंढा मिळतो, कोंबड्यांना कणी मिळते. शिवाय दळ्या, म्हणजे भाताचे तुकडे, पड राहिल्या की दोन वर्षांत रान चढतं आणि डुकरं अंगणापर्यंत येतात. भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर कुळीथ किंवा पावटा टाक. त्याला खर्च जवळजवळ नाही. रोख पैसा काजूचा. तुमच्या वरकसातली, म्हणजे डोंगरउताराच्या जमिनीतली, कलमं १९९० नंतर रोजगार हमीच्या फळबाग योजनेत लागली, तेव्हा शंभर टक्के अनुदान होतं. आता ती एकमेकांत घुसली आहेत, विरळणी लागेल. पण कोयता पहिल्याच वर्षी चालवू नकोस.

विहिरीपाशी रातांब्याची, म्हणजे कोकमाची, दोन मोठी झाडं आहेत. त्यातलं एक कधीच धरत नाही, म्हणून ते काढून तिथे गोठा बांधायचा तुझा विचार दिसला. ते झाड नर आहे. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि फुलोरा येईपर्यंत ओळखू येत नाहीत. त्या झाडाच्या परागावर शेजारचं झाड धरतं. नवीन लावायची तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता जातीचं कलम आण. त्याची बहुतेक फळं पाऊस लागायच्या आत तयार होतात, आणि आमसुलाचा सगळा खेळ तिथेच आहे. फळांची सालं मीठ घातलेल्या त्यांच्याच रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची. मधे दोन दिवस झड लागली की बुरशी.

भाजीचं मात्र जपून. माकडांनी परसातली भाजी कित्येकांना सोडायला लावली. हळद आणि मिरीला ती तोंड लावत नाहीत, तिथून सुरुवात कर. पडवळ, दोडकी दाराशी मांडवावर, जिथे आजीची नजर आणि कुत्र्याचं भुंकणं पोचतं.

गाय शेवटी. कोकण कपिला घ्यायचं मनात आहे ते योग्यच, आपल्या डोंगरावर तीच टिकते. २०१८ मध्ये तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यताही मिळाली. पण दूध दिवसाला जेमतेम दोन लिटर आणि दावं मात्र तुझ्याही गळ्यात. तू पुण्याला गेलीस की शेण कोण काढणार? ऐंशीच्या घरातली आजी. आधी चार कोंबड्या पाळून बघ.

आता कडू विषय. सातबारा काढ. आजोबा, त्यांचे मुंबईचे भाऊ, वारलेल्या भावाची मुलं, अशी नावांची रांग दिसेल. वाटणी तोंडी झालेली. कोण कुठली दळी कसतो हे गावाला ठाऊक, कागदाला नाही. भात लावलंस तर कोणी काही बोलणार नाही. नारळ लावलास, विहिरीवर पंप बसवलास, की मुंबईहून फोन येतील. आपल्याकडे झाड लावणं म्हणजे हक्क सांगणं. वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या दुरुस्तीने तुझ्या आईचा हक्क मामांइतकाच आहे, लग्न कधीही झालेलं असो. तिने हक्कसोडपत्रावर सही केली आहे का, ते तिलाच विचार, मामांना नको. केली असेल तर चिडू नकोस. तिच्या पिढीतल्या बहिणी माहेर तुटू नये म्हणून सही करून मोकळ्या होत. फक्त मग मामांकडून लेखी संमती घेतल्याशिवाय नारळाचा खड्डा खणू नकोस. तोवर आजोबांची ई-पीक पाहणी, म्हणजे शेतात काय लावलं त्याची सरकारी नोंद, मोबाइलवर वेळेत भरून देत जा. त्यांना ते जमत नाही आणि कोणाला सांगायला लाजतात.

येताना गमबूट आणू नकोस, चिखलात रुतून बसतात. लावणीला अनवाणीच उतरायचं असतं. लवकर वाळणारे कपडे आण, टॉर्च आण. आणि आजीला आधी फोन कर. तुझ्या बेतातलं निम्मं काम तिच्या अंगावर पडणार आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे तिला अजून कोणी विचारलेलं नाही.

तुझ्या आजोबांचा शेजारी,
काका