क्रायस्लरच्या ४२६ हेमीसारख्या (४२६ घनइंचाचं व्ही८) दांडग्या इंजिनामागे जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टिकायचा का?

टिकायचा, आणि ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीच्या ट्रॅकवर) शर्यतीही जिंकायचा. क्रायस्लरने १९६२ साली आणलेला टॉर्कफ्लाइट ७२७ बघा. अ‍ॅल्युमिनियमची केस, तीनच गिअर (गुणोत्तरं २.४५, १.४५ आणि १). ४२६ हेमी असो वा क्रायस्लरचंच ४४० इंजिन, ऑटोमॅटिक घेतला की मागे हाच. सुटताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाच्या जोरावर जोडणारा भाग) स्वतःच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढवून देतो, म्हणून तीन गिअर पुरायचे.

जीएमचा टर्बो हायड्रामॅटिक ४०० (१९६४) आणि फोर्डचा सी६ (१९६६) तितकेच दणकट. सी६ मात्र इंजिनाची शक्ती जरा जास्तच खातो.

७२७ वाली गाडी घेणार असाल तर सगळ्यात आधी किकडाउन लिंकेज (अ‍ॅक्सिलरेटरच्या हालचालीशी गिअरबॉक्स जोडणारी दांड्यांची जोडणी) नीट जुळवून घ्या. अ‍ॅक्सिलरेटर दाबाल तसा आतल्या तेलाचा दाब वाढवणं हे तिचं खरं काम. ती चुकीची बसली की दाब कमी पडतो, गिअरबॉक्सच्या आतले क्लच घसरतात आणि जळतात. इतका मजबूत बॉक्स एवढ्याशा कारणाने हकनाक जातो, याचं फार वाईट वाटतं. तेलाची पातळीही इंजिन चालू ठेवून, गरम झाल्यावर, न्यूट्रलमध्येच बघा. पार्कमध्ये या बॉक्सच्या कन्व्हर्टरला तेलच जात नाही.