आफ्रिकी लोकांनीच आपल्या भाऊबंदांना गुलाम म्हणून विकले, हे खरे आहे का?

सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांत अटलांटिकपलीकडे नेण्यासाठी युरोपीय व्यापाऱ्यांना गुलाम विकणाऱ्यांमध्ये आफ्रिकी राजे आणि व्यापारी होते, हे खरे आहे. ‘आपल्या भाऊबंदांना’ हे मात्र चुकीचे आहे. त्या काळी आपण सारे आफ्रिकी आहोत, अशी जाणीव तेथे नव्हती. माणसाची ओळख त्याचे कुळ, गाव, भाषा आणि राजा यांवरून ठरत असे. दाहोमी या पश्चिम आफ्रिकेतील राज्याच्या सैन्याने १७२७ मध्ये विदा हे बंदर जिंकून तेथील लोकांना विकले, तेव्हा ते त्याच्या लेखी शत्रूच होते.

मध्य आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोंगो राज्याचा राजा अफोन्सो पहिला याचे उदाहरण बोलके आहे. युद्धात पकडलेले परके कैदी तो स्वतः विकत असे. पण पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या आमिषाने त्याच्याच प्रजाजनांना, सरदारपुत्रांना आणि नातलगांनाही पळवले जाऊ लागले, तेव्हा १५२६ मध्ये त्याने पोर्तुगालच्या राजाकडे लेखी तक्रार केली आणि विकायला आणलेला माणूस खरोखर कैदी आहे की स्वतंत्र, हे तपासण्यासाठी तीन अधिकारी नेमले.

शिवाय या व्यापारातील युरोपीय वाटा काही किरकोळ नव्हता. जहाजे, भांडवल, बंदुका आणि ब्राझील-कॅरिबियनमधील उसाच्या मळ्यांची न संपणारी मागणी त्यांचीच होती. सुमारे १ कोटी २५ लाख माणसे जहाजांत कोंबली गेली. त्यांपैकी ४ टक्क्यांहूनही कमी आजच्या अमेरिकी संघराज्याच्या भूमीवर उतरली, ही गोष्टही सहसा लक्षात घेतली जात नाही.